पास्कू, दिवा मीच काढला

प्रिय पास्कू,

तुझा व्हॉइस मेसेज येऊन दोन महिने झाले. "नातीचा गॉडफादर होशील ना रे?" असं तू विचारलंस आणि मी नुसता अंगठा पाठवला. त्यावरची तुझी शिवी पोचली. व्हॉट्सअपवरच लिहिलं असतं, पण तुझा फोन तुझ्यापेक्षा स्टेलाच्या हातात जास्त, म्हणून हा कागद. तब्येतीचं म्हणशील तर साखर आहे, गुडघा आहे, फिलूची नाइट ड्यूटी आहे. चाललंय.

परवाच्या रविवारी इथलं, जर्मनीतलं, आमचं देऊळ बंद झालं. दुरुस्तीसाठी नाही, कायमचं. बिशपांचं फर्मान वाचलं गेलं, की आजपासून ही वास्तू पवित्र राहिलेली नाही. वेदीतल्या संतांच्या अस्थी काढल्या, पवित्र भाकर बाहेर नेली, मेणबत्त्या एकेक करून विझवल्या. शेवटी पवित्र भाकरीजवळ अखंड जळणारा तांबडा दिवा राहिला. आमचा दिवा विजेचा, आणि गेली अकरा वर्षं त्याचा बल्ब मीच बदलत आलोय. देवळाचा फुकटचा वायरमन ना मी! तर फादरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी स्टुलावर चढलो आणि बल्ब फिरवून काढला. गरम होता, कोटाच्या बाहीत धरावा लागला.

सांगायचंय ते याच्या पुढचं. स्टुलावर मला काय आठवलं असेल ते तुला सांगायला नको. ती रात्र, दिव्यातलं तेल संपलेलं, तुझ्या चड्डीच्या खिशातली काडेपेटी, आणि सकाळी फादर विचारत होते तेव्हा आपले दोघांचे चेहरे. तू मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणाला होतास. मी सांगितलेलं नाही. तू फिलूच्या आणि माझ्या लग्नात अर्ध्या गावाला सांगितलंस, ते वेगळं.

आता ऐक. २०१९ साली मी चर्च सोडलंय. कागदावर.

तुला हे विचित्र वाटेल. आपल्याकडे चर्च सोडतात म्हणजे भांडण होतं, मोर्चा होतो, नाहीतर माणूस दुसऱ्या पंथात जातो. इथे कोर्टात काउंटर असतो. ओळखपत्र दाखवायचं, ३० युरो भरायचे, सही करायची. का सोडताय असं कुणी विचारत नाही. मी मनात भाषण तयार करून गेलो होतो. काउंटरवरची बाई "पुढचा" म्हणाली.

याच्यामागे पैसा आहे. इथे आल्यावर नाव नोंदवताना धर्म विचारतात. मी छाती काढून रोमन कॅथलिक लिहिलं, आपल्या गावचा पोरगा तो! पहिला पगार हातात आला तर त्यात चर्चचा कर कापलेला. इन्कमटॅक्सच्या ९ टक्के, सरकारच वसूल करतं आणि चर्चला देतं. १९१९च्या राज्यघटनेत ती तरतूद झाली, ती अजून चालू. आपल्याकडे फादर थैली फिरवतात तेव्हा तुझे बाबा सुट्टे शोधण्याचं नाटक करायचे, इथे ती सोय नाही. यामुळे गंमत अशी झालीय की बाकं रिकामी आणि तिजोरी भरलेली. २०२२ साली एकट्या कॅथलिक चर्चला या करातून साडेसहा अब्ज युरोंहून जास्त मिळाले आणि त्याच वर्षी ५,२२,८२१ कॅथलिकांनी माझ्यासारखी सही केली. रविवारच्या मिस्साला शंभरातले सहा-सात येतात. कोलोनला २०२१मध्ये बाहेर पडायची अपॉइंटमेंटसुद्धा मिळेना, एवढी गर्दी.

फिलूला मी सांगितलं होतं की चर्चमधल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या २०१८च्या अहवालामुळे सोडतोय. त्यात होतंच तसं. १,६७० धर्मगुरू आणि ३,६७७ मुलं, आणि हे फक्त फायलींत सापडलेले. मी तो आकडा वाचून रात्रभर जागा होतो, हे खरं. पण पास्कू, तुझ्याशी खोटं बोलून काय करू? त्या वर्षी स्वयंपाकघराचं कर्ज होतं आणि करातले वर्षाला आठशे युरो वाचत होते. अहवाल कारण म्हणून बरा पडला. फिलूला हे तेव्हाच कळलं असणार. तिची नोकरी चर्चच्या हॉस्पिटलात, तिला सोडायची सोयच नाही. ती एवढंच म्हणाली, "बरं आहे, आपल्या घरात एक जण तरी कर भरतोय."

तू आता म्हणशील, वाडी विकली तेव्हाही तू असाच कागद दाखवत होतास. माहितेय. हिरव्या वसईच्या मोर्चात तू पुढे आणि आम्ही सातबारा घेऊन बिल्डरच्या ऑफिसात. पाच वर्षं बोलला नाहीस माझ्याशी. तुझंच बरोबर होतं असं मी अजूनही म्हणणार नाही, केळीत काय उरत होतं ते तूच सांग. (या पावसात किती झोपली? लिहिलं नाहीस.) पण परवा कळलं की आमच्या देवळाच्या जागी म्हाताऱ्यांसाठी फ्लॅट होणार आहेत, तेव्हा पहिली आठवण तुझीच आली.

सोडल्यावर पत्र आलं होतं. २०१२पासून बिशपांनी तसा नियमच केलाय. सभ्य भाषेत लिहिलेलं, की तुम्हाला आता कम्युनिअन, म्हणजे ती पवित्र भाकर, नाही, कुणाचे धर्मपिता, म्हणजे गॉडफादर, होता येणार नाही, पश्चात्ताप न करता गेलात तर ख्रिस्ती दफनही नाकारलं जाऊ शकतं. खाली: बोलायला या. मी गेलो नाही. पण दर रविवारी मिस्साला गेलो, रांगेत उभा राहिलो, हात पुढे केला. सगळी वर्षं. तेव्हाचे फादर मान खाली घालून देत राहिले, आता केरळचे तरुण फादर आहेत, तीन देवळं सांभाळतात, त्यांना कुठे यादी पाठ असणार? म्हणजे बघ, जे कर भरतात ते येत नाहीत आणि जो भरत नाही तो दिवा सांभाळतो. आमच्या पोराने तर अठराव्या वर्षीच सही केली. "पप्पा, बंद झालं तर झालं, तिथे जात कोण होतं?" म्हणाला.

त्या दिवशी मात्र सगळे आले. एरवी चाळीस डोकी, परवा उभं राहायला जागा नाही. वीस-वीस वर्षं न फिरकलेले लोक रुमालाने डोळे पुसत होते. हे देऊळ खाणकामगारांनी बांधलेलं. एसेनचा धर्मप्रांत १९५८ साली झाला तोच कोळशाच्या माणसांसाठी. बॉट्रॉपची शेवटची खाण २०१८च्या डिसेंबरात बंद झाली, शेवटचा कोळसा राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला, आम्ही टीव्हीवर बघितलं. खाण गेल्यावर देऊळ किती टिकणार? माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी बसते, नवरा खाणीत होता. बाकाला पर्स अडकवायची पितळी कडी आहे. ती मिस्साभर त्या कडीवर बोट फिरवत होती. निघताना मला म्हणाली, "स्क्रू-ड्रायव्हर आहे का?" मी कडी काढून दिली. बाकाला चार भोकं राहिली.

नंतर कॉफी आणि केक. मी फादरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तुझ्या नातीचंही. ते एवढे हसले की कॉफी सांडली. "बाहेर पडायला ३० युरो, आत यायला फुकट," म्हणाले. अर्धा तास बसायचं, दोन साक्षीदार, सही. आणि पुढच्या महिन्यापासून पगारातून पुन्हा तो इन्कमटॅक्सच्या ९ टक्क्यांचा कर.

आठशे युरो म्हणजे काही जीव जात नाही आता, कर्जही फिटलंय. पण नुसतं पोर हातात धरायला आत जायचं, म्हणजे पुन्हा कागदच झाला ना? आणि न सांगता वसईत उभा राहिलो तर तिथे कोण विचारणार आहे? आईला तर मुळीच कळता कामा नये, ती रोजच्या माळेत माझ्या नावाची एक नमो मारिये जास्त घेते. पण त्या पोरीच्या डोक्यावर पाणी पडताना तू माझ्याकडे बघशील आणि तुला कळेल. काडेपेटीच्या वेळी कळलं होतं तसंच.

स्टेलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून टाका, घाबरू नका. रस्त्यात कुंपण किती जातंय? दोहावाल्याला माझा आशीर्वाद.

बाप्तिस्मा नाताळाआधी आहे की नंतर, तेवढं कळव. फादर डिसेंबरात दोनच गुरुवार मोकळे आहेत.

तुझा,
लॉरू

ता. क. बल्ब माझ्याकडेच आहे. मोजे ठेवतो त्या खणात.