पाटी लाल आहे तोवर

एन्स्लो, ऑक्सफर्डशायर
ऑक्टोबर

प्रिय अव्या,

तुझ्या मेसेजला "सविस्तर लिहितो" म्हणून टांग मारली होती, पण आता वेळच वेळ आहे. बोट काठाला बांधलीय आणि ती सुटणार कधी, हे आमच्या हातात नाही.

आई आलीय आणि पोराला शाळेची सुट्टी आहे, म्हणून ऑक्सफर्ड कॅनॉलवर नॅरोबोट भाड्याने घेतली. आगगाडीच्या डब्यासारखी लांबच लांब, रुंदी मात्र सात फुटांना दोन इंच कमी, कारण इथली लॉकं, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद, तेच सात फुटी. बॅनबरीकडून दक्षिणेला थ्रपपर्यंत जायचं, तिथून बसने ऑक्सफर्ड दाखवायचं, असा बेत. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. काठावरून कुत्रं फिरवणारी आजीबाई आपल्याला हात करून पुढे निघून जाते!

नुसत्या कॅनॉलवर पावसाने फारसं अडत नाही. रेनकोट चढवायचा, मागे उभं राहून सुकाणूचा दांडा धरायचा आणि भिजायचं. समर्टनचं लॉक बारा फूट खोल. आई आत खिडकीशी बसली होती. पाणी उतरायला लागलं तशी काचेपलीकडची शेवाळलेली भिंत वर वर सरकायला लागली, विटांच्या फटींतून पाण्याच्या धारा. ती म्हणाली, "विहिरीत सोडतोयस का रे मला?" त्याच लॉकवर एकाला म्हटलं, काय हा पाऊस. तो म्हणाला, छे, जरा भुरभुरतंय. या लोकांशी हवामानावर बोलण्यात अर्थ नाही.

खरी गोम बेकर्स लॉकच्या खाली आहे. तिथून शिप्टन वेअर लॉकपर्यंत जवळपास मैलभर कॅनॉलच नाही, बोट थेट चेरवेल नदीत उतरते. कारण अर्थातच पैसा. कव्हेंट्रीकडचा कोळसा ऑक्सफर्डला आणण्यासाठी खोदलेला हा कॅनॉल १७९० मध्ये तिथे पोचला, पण शेवटच्या टप्प्यात काटकसर सुरू झाली होती. विटांच्या पुलांऐवजी लाकडी उचलते पूल, लॉकच्या खालच्या तोंडाला दोनाऐवजी एकच दार, आणि मैलभर आयती नदी. खोदाई त्यांची वाचली, खोळंबा आमच्या वाट्याला आला.

लॉकपाशी पाण्याची पातळी दाखवणारी रंगीत पाटी आहे. पाणी हिरव्यावर असलं तर खुशाल जा, पिवळ्यावर जपून, लालवर अजिबात नाही. आम्ही पोचलो तेव्हा पिवळा बुडत आला होता. सकाळी लाल. बोट भाड्याने देणाऱ्यांनी फोनवर सांगितलं, आहात तिथेच थांबा. वर्षभर बोटीवरच राहणारा शेजारी आहे, त्याने नीट समजावलं. प्रवाहाबरोबर जाताना पाण्यापेक्षा जास्त वेगाने गेलं तरच सुकाणू काम करतं. म्हणजे पंधरा-सोळा टनांचं लोखंडी धूड नको तितक्या वेगात, आणि शेवटी नदी बंधाऱ्याकडे ओढत असताना आपण लॉकच्या तोंडात शिरायचं. शिवाय पाणी चढलं की पुलाखालची जागा कमी होते, ते वेगळंच.

आता गंमत ऐक. आज लख्ख ऊन आहे. आकाशात ढग नाही, समोरच्या कुरणात मेंढ्या पाठ शेकतायत, आणि पाणी कालच्यापेक्षा वर! पोरगा वैतागला, "पाऊस थांबलाय ना, मग?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "अरे, पाऊस इथला नाही, वरचा बघायचा." चिपळूणला तुमच्या माडीवर बसून जुलै २०२१चा पूर पाहिलेली बाई ती, तिला कोण शिकवणार? तिची चौकशी सुरू झाली. वरती घाट आहे का? धरण आहे का? कोयनेसारखं पाणी सोडतात का? भरती किती वाजता? पोराने सांगितलं, आजी, इथे भरती नाही, ही नदी ज्या थेम्सला मिळते तिची भरती लंडनजवळ टेडिंग्टनलाच संपते. "मग बरंय," म्हणाली, "एक काळजी कमी." वाशिष्ठीला वरून घाट आणि खालून खाडी असा दोन्हीकडून मार, त्यामानाने हे प्रकरण तिला किरकोळ वाटतं. पोरगा फोनवर बॅनबरीच्या पातळीचा आलेख बघतो, तिथलं पाणी उतरायला लागलं की इथे आशा. आईचं तंत्र वेगळं. ती काठावर जाऊन पाण्याचा रंग बघते. अजून चहासारखं आहे म्हणते, आणि आतापर्यंत तरी आलेखाच्या आधी तीच बरोबर ठरलीय.

बाकी दिनक्रम म्हणजे ओल्या वस्तूंची व्यवस्था. कोळशाच्या शेगडीवर दोरी बांधून मोजे टांगलेत, त्यांचा वास पोह्यांच्या फोडणीत मिसळतो. सकाळी काचा आतून घामेजतात आणि थेंब नेमका माझ्या उशीवर पडतो. बॅटरीसाठी इंजिन चालू ठेवायचं, पण रात्री आठनंतर नाही, शेजाऱ्यांची झोप. संडासाची टाकी उचलून रिकामी करायची असते आणि ती जागा जवळ नाही. यावर अधिक लिहीत नाही. संध्याकाळी मेंढीकोट. मीनल आणि आई जोडीदार, त्यामुळे आम्ही बापलेक रोज हरतो. आई पत्ते बघते असा माझा आरोप आहे, पण पुरावा नाही.

उद्याही लालच राहिलं तर हट्ट नाही करणार. कॅनॉलला मध्येमध्ये बोट वळवायला रुंद जागा केलेल्या असतात. तिथे फिरवून लोअर हेफर्डला मागे जाऊ. स्टेशन अगदी कॅनॉलला लागून आहे, ऑक्सफर्डला गाडीने जाऊ. मला खरं तर तो नदीचा मैल हवा होता. आईला ऑक्सफर्डचं विशेष काही नाही, तिला बंधारा बघायचाय.

नोव्हेंबरात तिला सोडायला चिपळूणला येतोय. काकूंना सांग, कुळथाचं पीठ संपलं, डबा भरून ठेवा. आणि तू तेवढं मेंढीकोटाला चौथा भिडू शोधून ठेव. आईच्या बाजूने मी बसणार.

तुझा,
नंदू