गेममधल्या सोबत्यांनाही निरोप कळवा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरात कोणाचे निधन झाले की आपण नातेवाइकांना फोन करतो, नोकरीच्या ठिकाणी कळवतो, वृत्तपत्रात निधनवार्ता देतो. परंतु गेलेली व्यक्ती वर्षानुवर्षे ज्यांच्यासोबत रोज रात्री मोबाइलवर खेळत होती, त्यांनाही कळवायला हवे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. गेल्या श्रावणात असा एक मित्र मी गमावला, म्हणून हे पत्र.

मी अंबड औद्योगिक वसाहतीत काम करतो. दुसरी पाळी संपवून सिडकोतील घरी आल्यावर तासभर 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा लढाईचा ऑनलाइन गेम खेळायचा, हा २०२१ च्या जुलैत तो गेम आला तेव्हापासूनचा शिरस्ता आहे. संघ चौघांचा: मी, पुण्यातला एक विद्यार्थी, जळगावकडचा एक दुकानदार आणि लातूर जिल्ह्यातला एक जण, ज्याला आम्ही 'मास्तर' म्हणत असू. या खेळात गोळी लागलेला सोबती लगेच बाद होत नाही. तो रांगत राहतो आणि वेळेत कोणी जवळ जाऊन उठवले तरच वाचतो. उठवायला जाणारा स्वतःच टिपला जाण्याची भीती असते, त्यामुळे अनोळखी खेळाडू बहुधा पुढे निघून जातात. मास्तर मात्र दर वेळी मागे फिरायचा. "कामून घाई करायलाव भाऊ, थांबा, आलो," हे त्याचे शब्द मी चार वर्षांत किती वेळा ऐकले असतील, याची गणती नाही. मुलीच्या दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मला झोप लागत नव्हती, तेव्हा खेळ बाजूला ठेवून तो दीड वाजेपर्यंत माझ्याशी बोलत बसला होता.

मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी तो येत नसे. काम असते, एवढेच सांगायचा आणि आम्ही कधी खोदून विचारले नाही. २०२२ च्या जुलैत हा गेम ॲप स्टोअरवरून हटवण्यात आला, त्याच सुमारास त्याचा फोन बिघडला आणि तो दिसेनासा झाला. पण २०२३ च्या मे महिन्यात गेम परतताच आम्हाला शोधत आला. त्यामुळे गेल्या श्रावणात तो दिसेना, तेव्हाही आम्ही निर्धास्त होतो. मग एका रात्री गेममधल्या सोबत्यांच्या यादीत त्याचे नाव उजळले. आम्ही तिघांनी एकदमच हाक मारली, तर पलीकडून त्याच्या धाकट्या भावाचा आवाज आला. मास्तरला जाऊन सोळा दिवस झाले होते. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस चालू होते. त्याचे खरे नाव मला त्या रात्री कळले.

दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याला हे सांगितले, तेव्हा "गेममधला ना?" एवढेच म्हणून तो कामाला लागला. मी त्याला दोष देत नाही, कारण नाते कोणते, भेट कधी झाली होती, यांपैकी कशालाच माझ्यापाशी उत्तर नव्हते. रविवारी मी रामकुंडावर गेलो आणि तेथील एका गुरुजींना चाचरतच सांगितले की मयताचे गोत्र ठाऊक नाही, चेहराही पाहिलेला नाही. गोत्र माहीत नसले की काश्यप गोत्र घेतात, तसे त्यांनी घेतले आणि माझ्याकडून तिलांजली देवविली. महालयात ज्यांना पिंड दिला जातो त्यांत गुरू आणि शिष्यांबरोबर मित्रही असतो, आणि तर्पणाच्या मंत्रात 'येऽबान्धवा बान्धवा वा' असे म्हणून जे बांधव नाहीत त्यांनाही पाणी दिले जाते, हे त्यांनी मला समजावले. इतक्या दिवसांत माझ्या दुःखाला कोणी जागा दिली असेल, तर ती या शब्दांनी.

नॉर्वेतील मॅट्स स्टीन हा स्नायूंच्या असाध्य आजाराने ग्रासलेला तरुण २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी वारला. मुलगा एकाकीच जगला, असे त्याच्या आईवडिलांना वाटत होते. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममधील त्याच्या सोबत्यांची पत्रे येऊ लागली. काही जण तर परदेशांतून अंत्यविधीला आले. आपला मुलगा कोणाकोणाचा आधार होता, हे त्या आईवडिलांना तेव्हा समजले.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली, तिचे मी स्वागतच करतो. पण त्या खेळांबरोबर अशा सोबतीकडेही व्यसन म्हणून पाहू नये. माझी विनंती एवढीच आहे की खेळणाऱ्यांनी आपला गेममधला आयडी आणि एका सोबत्याचा फोन नंबर घरात कोणाला तरी लिहून द्यावा, आणि घरच्यांनी दिवसकार्याच्या धावपळीतही त्या नंबरवर एक निरोप पाठवावा. मास्तरच्या भावाने तेवढ्यासाठी तो फोन उघडला नसता, तर आम्ही तिघे आजही रोज रात्री त्याला खेळायचे आमंत्रण पाठवत राहिलो असतो.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक