स्नेहसंमेलनाची तूट शिक्षकांच्या पगारातून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या, की ठाणे आणि नवी मुंबईतील बहुतेक शाळांत स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकांत पैशाचा विषय निघतो. माझा मुलगा नवी मुंबईतील एका अंशतः अनुदानित मराठी माध्यमिक शाळेत शिकतो आणि मी तेथील संघाच्या कार्यकारी समितीत पालक सदस्य आहे. या वर्षी पालकांकडून जमलेली रक्कम अंदाजित खर्चापेक्षा बरीच कमी पडली, तेव्हा उरलेली तूट भरून काढण्यासाठी प्रत्येक शिक्षकाने एक दिवसाचे वेतन द्यावे, असा प्रस्ताव पालकांच्याच बाजूने मांडला गेला. तो मांडणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटले नाही आणि उपस्थित शिक्षकांपैकी कोणी विरोधही केला नाही. अन्य शाळांतील परिचित पालकांशी बोलल्यावर समजले, की तिकडेही कमीअधिक फरकाने हेच चालते. कुठे वर्गशिक्षकांनी आपल्या वर्गाच्या पोशाखाचे भाडे भरायचे, कुठे बक्षिसे शिक्षकांनी आणायची, कुठे पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाचा खर्च शिक्षकवृंदाच्या नावावर टाकायचा. शिक्षकांनी शालेय कार्यक्रमांसाठी पैसे द्यावेत अशी अपेक्षा पालकांनी धरणे अयोग्य आहे आणि संघांनी ती स्पष्ट ठराव करून बंद करावी, असे माझे मत आहे. त्याची कारणे मांडण्यासाठी हे पत्र.

शिक्षकांनी विरोध केला नाही, याचा अर्थ त्यांची संमती होती असा लावला जातो. पण ही संमती कोणत्या परिस्थितीत मिळते ते पाहिले पाहिजे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार स्थापन होणाऱ्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात, उपाध्यक्ष पालकांमधून आणि सचिव शिक्षकांमधून घेतला जातो. म्हणजे ज्या टेबलावर वर्गणीचा प्रस्ताव येतो, त्याच टेबलाच्या मधल्या खुर्चीत शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिणारी व्यक्ती बसलेली असते. पालक प्रतिनिधीने “बाई, तुमच्याकडून किती लिहू?” असे विचारले आणि मुख्याध्यापक गप्प राहिले, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ शिक्षकांना बरोबर कळतो. त्यातून वर्गणीदारांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरते. लग्नमंडपात ध्वनिक्षेपकावरून आहेर वाचून दाखवावा तसा हा प्रकार असून, ज्याचे नाव यादीत नाही त्याच्याबद्दल दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी चर्चा होते. अशा वातावरणात दिलेल्या पैशाला ऐच्छिक म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे.

“शिक्षकांना सातव्या वेतन आयोगाचा पगार आहे, त्यांना हजार रुपये जड नाहीत,” हे वाक्य प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतेच. शिक्षकांच्या पगाराची एकच एक प्रतिमा पालकांच्या मनात असते, ती बहुधा अनुदानित शाळेतील निवृत्तीला आलेल्या शिक्षकाची. प्रत्यक्षात एकाच शिक्षक-खोलीत चार वेगवेगळ्या परिस्थितीतील माणसे शेजारी शेजारी बसून वह्या तपासत असतात. पूर्ण अनुदानित तुकडीवरील शिक्षकाला पूर्ण वेतन मिळते. अंशतः अनुदानित तुकडीवरील शिक्षकाच्या वेतनाचा शासनाकडून टप्प्यानुसार ठरलेला काही टक्के इतकाच वाटा येतो आणि पुढचा टप्पा मिळावा म्हणून त्याला आझाद मैदानात ठिय्या देऊन बसावे लागते. नव्याने नेमलेला शिक्षणसेवक तीन वर्षे मानधनावर असतो. २०२३ पासूनच्या वाढीनंतर हे मानधन प्राथमिक स्तरावर १६ हजार, माध्यमिक स्तरावर १८ हजार आणि उच्च माध्यमिक स्तरावर २० हजार रुपये आहे. चौथा गट घड्याळी तासिकांवर येणाऱ्यांचा असून त्यांना शिकवलेल्या तासांपुरतेच पैसे मिळतात. माध्यमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे एक दिवसाचे मानधन सहाशे रुपये होते. ऐरोली, घणसोली किंवा कळवा परिसरात भाड्याने खोली घेऊन राहणाऱ्या आणि गावी पैसे पाठवणाऱ्या तरुणासाठी सहाशे रुपये ही लहान रक्कम नाही. शिवाय सेवा नियमित होईपर्यंत “नाही” म्हणणे त्याला सर्वांत कठीण असते, आणि म्हणून यादीत त्याचे नाव बहुधा सर्वांत आधी लागते.

तरीही मी हा मुद्दा केवळ कमी पगाराच्या शिक्षकांपुरता मर्यादित ठेवू इच्छित नाही. ज्याला पूर्ण वेतन मिळते, त्याच्या वेतनावरही संघाचा हक्क पोहोचत नाही. वेतन हा कामाचा मोबदला आहे आणि स्नेहसंमेलनाच्या बाबतीत ते काम आधीच भरपूर झालेले असते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून शाळा सुटल्यावर तासन्‌तास चालणाऱ्या तालमी, लेझीमचे पथक, निवेदनाचे पाठांतर, कोणाची आई कामावरून उशिरा येते म्हणून त्या मुलीला घरापर्यंत सोडायला जाणे, रुसलेल्या मुलाला दुसरी भूमिका शोधून देणे, हे सर्व शिक्षकच करतात आणि त्याची कोणतीही नोंद जमाखर्चात होत नाही. पालकांनी पैसे द्यायचे आणि शिक्षकांनी श्रम, अशी ही मुळातली वाटणी होती. शिक्षकांनी श्रमही द्यायचे आणि पैसेही द्यायचे, ही वाटणी कोणी केव्हा केली, हे संघाच्या कोणत्याच इतिवृत्तात सापडणार नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मध्ये शिक्षकांच्या वेळेचा विचार केलेला आहे. कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. (निवडणूक विभागाने “खेरीज” या शब्दाची व्याप्ती किती ताणली आहे, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.) त्याच अधिनियमाच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली, आणि ती योग्यच आहे. परंतु याचा एक परिणाम असा, की शिक्षकाच्या मिळकतीचा दुसरा मार्ग कायद्याने बंद आहे आणि खर्चाचे मार्ग मात्र आपण वर्षाला एक या गतीने उघडत चाललो आहोत.

येथे एक भेद करणे आवश्यक वाटते. शिक्षक स्वतःहून मुलांसाठी खर्च करतात आणि तो किती करतात याची पालकांना फारशी कल्पना नसते. रंगीत कार्डशीट, स्केचपेन, शब्दपट्ट्यांसाठी लॅमिनेशन, वर्गात पहिला आलेल्याला पेन, चप्पल तुटलेल्या मुलाला चप्पल, दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना एखाद्या मुलीचे कमी पडलेले शुल्क, हे पैसे शिक्षकांच्या पाकिटातून जातात. आमच्याच शाळेतील एका बाईंच्या कपाटात बिस्किटांचे पुडे असतात, ते उपाशीपोटी आलेल्या मुलांसाठी असतात, आणि ही गोष्ट मला माझ्या मुलाकडून कळली, बाईंकडून नाही. हा खर्च शिक्षक गरज पाहून, स्वतःच्या ऐपतीप्रमाणे आणि गाजावाजा न करता करतो. सक्तीची वर्गणी सुरू झाली की पहिला फटका याच खर्चाला बसतो. संघाला हजार रुपये दिलेला शिक्षक त्या महिन्यात चप्पल घेऊन देताना हात आखडता घेईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. रंगमंचावरील प्रकाशझोतांसाठी आपण नकळत बिस्किटांचे पैसे वळवत असतो.

शिक्षक वर्गासाठी करतात तो खर्च एकदा गृहीत धरला गेला की तो कसा मुरतो, याचे उदाहरण अमेरिकेत दिसते. तेथे शिक्षकांनी वर्गासाठी स्वतः केलेल्या खर्चापोटी करपात्र उत्पन्नातून वजावट देण्याची तरतूद २००२ मध्ये आली. ती २५० डॉलरची होती आणि २०२२ मध्ये ३०० डॉलर झाली. सवलत म्हणून ती चांगली, पण हा खर्च शिक्षकच करणार, हे त्या तरतुदीने मान्य करून टाकले. आपल्याकडे तर तेवढीही सवलत नाही.

प्रस्तावाच्या बाजूने एका ज्येष्ठ पालकांनी मांडलेला मुद्दा मात्र गंभीर होता. महाराष्ट्रातील शिक्षणसंस्था शिक्षकांच्या त्यागावरच उभ्या राहिल्या, असे त्यांनी सांगितले, आणि ते खरे आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य दरमहा ७५ रुपयांवर काम करीत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्या वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालयात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. पण आजीव सदस्य हे केवळ नोकर नव्हते. संस्थेचा अभ्यासक्रम, पैसा, नेमणुका यांचे निर्णय तेच घेत असत. वाद झाला तर आपसांत भांडत आणि प्रसंगी राजीनामा देऊन बाहेर पडत, जसे टिळक १८९० मध्ये पडले. त्यागाबरोबर त्यांना अधिकार होता. आजच्या शिक्षकाला स्नेहसंमेलन कोठे होणार, कधी होणार, पाहुणा कोण, हेही विचारले जात नाही. भाऊरावांनी दागिने मोडले ते मुलांच्या जेवणासाठी, आणि ते स्वतःच्या घरातले होते. पगारदार शिक्षकांकडे त्यांनी यादी फिरवली नव्हती.

आता खर्चाकडे पाहू, कारण तूट येते ती खर्च वाढल्यामुळे. शाळेच्या पटांगणात चौथरा आणि मागे चादर बांधून होणारे संमेलन आता वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात, ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये किंवा घाणेकर नाट्यगृहात होते. मुलांना खऱ्या रंगमंचावर उभे राहायला मिळते, याचा आनंद मलाही आहे. परंतु नाट्यगृहाच्या भाड्यामागोमाग भाड्याचे पोशाख, बसगाड्या, ध्वनियोजना, एलईडी पडदा, छायाचित्रण, नृत्यदिग्दर्शक आणि प्रत्येक मुलाला खाऊचा डबा येतो. नृत्यदिग्दर्शक आला की लोकनृत्याऐवजी चित्रपटातील गाणे येते आणि त्याच्याबरोबर नवा पोशाख. हे सर्व ठरवणारे बहुतांशी आम्ही पालकच असतो, कारण शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेल्या वर्षी काय झाले, हे आम्हाला सतत दिसत असते. जी हौस पालकांची, तिचे बिल शिक्षकांच्या नावे फाडणे हे व्यवहाराच्या साध्या नियमातही बसत नाही.

दिघा, तुर्भे किंवा वागळे इस्टेट भागातील अनेक पालक रोजंदारीवर काम करतात, त्यांच्याकडून अधिक पैसे मागणे शक्य नाही, हे मी जाणतो आणि ते मागूही नयेत. त्यावरचा उपाय कार्यक्रम लहान करणे हा आहे. दुसरा सोपा मार्ग म्हणून प्रभागातील नेत्याकडे जाण्याची पद्धत पडली आहे. पैसे मिळतात, पण मग मागच्या पडद्यावर शिवनेरीपेक्षा नेत्याचा चेहरा मोठा येतो आणि भाषण संपेपर्यंत पहिलीची मुले दागिने सांभाळत विंगेत ताटकळतात.

शाळांकडे या कामासाठी काहीच पैसे नसतात, असेही नाही. ज्या शाळा सत्र शुल्क घेतात, त्यांनी ते सहशालेय उपक्रमांवरच खर्च करायचे असते. अनुदानित शाळांत ही रक्कम लहान असते, पण तिचा हिशेब संघापुढे येत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. महापालिकेच्या शाळांचे दुखणे वेगळे. तेथे शुल्क नाही, आणि समग्र शिक्षा अभियानातील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार वर्षाला १० हजार ते १ लाख रुपये असते, त्यातून वीजबिल, खडू, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्त्या भागवायच्या असतात. त्यातून संमेलन होणार नाही. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी आपल्या शिक्षण विभागाच्या अंदाजपत्रकात प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी स्वतंत्र रक्कम ठेवावी आणि ती डिसेंबरच्या आधी शाळेच्या खात्यात पोहोचेल असे पाहावे.

खासगी शाळांच्या संघांसाठी क्रम उलटा करणे पुरेसे आहे. सध्या आधी नाट्यगृह ठरते, मग खर्च काढला जातो आणि शेवटी पैसे कमी पडतात. त्याऐवजी सत्र शुल्कातून किती रक्कम उपलब्ध आहे ते मुख्याध्यापकांनी जुलैच्या बैठकीत लेखी मांडावे, पालकांचा ऐच्छिक सहभाग बंद पेटीत नाव न लिहिता घ्यावा, आणि या दोन रकमांची बेरीज होईल तेवढाच कार्यक्रम करावा. शिक्षकांना आपसांत निवृत्तीचा निरोप किंवा तिळगूळ समारंभ करायचा असेल, तर तो त्यांचा खासगी मामला आहे. कार्यक्रमानंतर जमाखर्च सूचनाफलकावर लावावा.

नव्या शैक्षणिक वर्षात आमच्या शाळेच्या संघाची रचना नव्याने होईल. त्याच्या पहिल्या बैठकीत मी लेखी ठराव देणार आहे, की संघाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला “शिक्षकांकडून” अशी बाब असणार नाही आणि शिक्षकांच्या वर्गणीची यादी कोणत्याही गटावर प्रसृत केली जाणार नाही. हा ठराव शिक्षकांना मांडता येणार नाही, मुख्याध्यापक मांडणार नाहीत. तो पालकांनीच मांडायला हवा. अन्य शाळांतील पालक सदस्यांनीही आपापल्या संघात तो मांडावा, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक पालक सदस्य,
ऐरोली, नवी मुंबई