लघुपट झाल्यावर नव्हे, होताना दाखवा

मा. संपादक,
स. न.

विद्यार्थ्यांच्या लघुपटांना प्रेक्षक मिळत नाहीत, अशी खंत आपल्या पुरवणीतल्या लेखात वाचली. मी संकलक आहे आणि माध्यमाच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्टच्या दिवसांत जमेल तशी मदत करतो. खंत खरी आहे, पण प्रेक्षक शोधायला ही मुलं निघतात फार उशिरा. फिल्म हातावेगळी झाली की पोस्टर, लिंक आणि 'नक्की बघा, शेअर करा'. अंगठे आणि बदाम भरपूर पडतात. मग प्रेक्षक कुठवर टिकले ते दाखवणारा यूट्यूबचा आलेख उघडावा, तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच तो कड्यावरून उडी मारल्यासारखा खाली आलेला असतो.

सोशल मीडिया खरा कामाला येतो तो शूटिंगच्या आधी. एका मुलीला एका दृश्यासाठी चालू टाइपरायटर हवा होता. 'मदत हवी' एवढंच लिहून ती थांबली असती, तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. तिनं त्या दृश्याचं हातानं काढलेलं चित्र इन्स्टाग्रामवर टाकलं. तारीख आणि यंत्र किती तास लागेल, तेही लिहिलं. दुसऱ्याच दिवशी एका निवृत्त टंकलेखकाचा निरोप आला. गृहस्थ यंत्र घेऊन स्वतः सेटवर हजर, वर नटाला बोटं कशी पडतात तेही शिकवून गेले. श्रेयनामावलीत आपलं नाव पाहिल्यावर त्यांनी ती लिंक किती जणांना धाडली असेल, ते विचारू नका.

दुसरा उपयोग संकलनाच्या टेबलावरचा. कच्चा कट यूट्यूबवर 'अनलिस्टेड', म्हणजे शोधल्यावर न दिसणारा, ठेवून लिंक दहा-बारा अनोळखी माणसांना पाठवावी. मित्रांना नको, ते 'भारी' म्हणून मोकळे होतात. एका फिल्मच्या वेळी बहुतेकांनी एकाच जागी बोट ठेवलं : त्या दोघी बहिणी आहेत हे चौथ्या मिनिटापर्यंत कळत नाही. दिग्दर्शकाला ते पटकथेपासून ठाऊक, त्यामुळे त्याला खटकलंच नव्हतं. आम्ही शेवटाकडचं एक वाक्य उचलून सुरुवातीला आणलं आणि काम झालं.

मात्र 'अनलिस्टेड' म्हणजे कुलूप नव्हे. लिंक ज्याच्या हाती लागेल तो बघू शकतो. आणि 'पब्लिक'चं बटण दाबण्याआधी ज्या महोत्सवांना फिल्म पाठवायची त्यांचे नियम वाचावेत. काही महोत्सवांना प्रीमियर आपल्याकडेच हवा असतो. आमच्या एका विद्यार्थ्यानं फिल्म संपली त्याच रात्री उत्साहाच्या भरात ती सगळ्यांसाठी खुली केली आणि ज्या दोन महोत्सवांवर त्याची भिस्त होती, तिथे ती बाद ठरली. त्याला हे आधी सांगायला हवं होतं ते मी, हेही कबूल करतो.

संगीताचंही तसंच. गाजलेलं गाणं मागे लावलं की यूट्यूबची 'कंटेंट आयडी' यंत्रणा ते हुडकते. मग जाहिरातीचे पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात किंवा व्हिडिओच अडवला जातो. आपलं काम ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत, पण 'फुकट' एवढंच वाचून मुलं पुढे जातात. परवान्यात 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्हज, म्हणजे रूपांतराला मनाई) असेल तर ते संगीत दृश्यांना जोडताच येत नाही, कारण अशी जुळवणी रूपांतरात मोडते.

आपल्याकडे एक मागणं आहे. पुरवणीच्या फेसबुक पानावर आठवड्यातून एक दिवस विद्यार्थ्यांच्या अशा गरजांसाठी राखून ठेवावा : जुना रेडिओ हवा, सत्तरीची अभिनेत्री हवी, कच्चा कट बघायला पाच अनोळखी माणसं हवीत. त्या पाचांत पहिलं नाव माझं धरा.

आपला,
एक संकलक