बेडकाच्या मलमाची वाट पाहण्याआधी पू तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘बेडकाच्या कातडीत सापडले सुपरबगवरचे (नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवरचे) औषध’ अशा थाटाची बातमी वर्षातून एकदा-दोनदा तरी वाचायला मिळते. ती खोटी नसते, अर्धी असते. उरलेला अर्धा भाग मराठवाड्यातल्या वाचकाच्या जास्त कामाचा आहे.

शस्त्रक्रिया करून गढूळ पाण्यात सोडलेल्या आफ्रिकी बेडकांच्या जखमा चिघळत कशा नाहीत, या प्रश्नातून मायकेल झॅस्लॉफ यांना १९८७ मध्ये मॅगेनिन सापडले. मॅगेनिन म्हणजे २३ अमिनो आम्लांची साखळी, पेप्टाइड. (बेडकाचेच कौतुक नको, आपल्या त्वचेतही एलएल-३७ नावाचे पेप्टाइड तयार होते.) या दोन्हींवर धनभार, जिवाणूच्या आवरणावर ऋणभार. पेप्टाइड तिथे चिकटते, आवरणाला भोके पडतात आणि जिवाणू मरतो. आपल्या पेशींच्या बाहेरच्या पदरावर तसा ऋणभार नसल्यात जमा, म्हणून त्या बहुतेक वाचतात.

मग मलम कुठे अडले? मॅगेनिनवरून बेतलेले पेक्सिगॅनान मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी होते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेने) १९९९ मध्ये त्याला मंजुरी नाकारली. २०१६ च्या चाचण्यांतही ते औषध न घातलेल्या मलमापेक्षा सरस ठरले नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत मरणारा जंतू जखमेत मरेलच असे नसते. क्षारांमुळे अनेक पेप्टाइडे मंदावतात. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा गळवांचा नेहमीचा जंतू विकर (एन्झाइम) सोडून एलएल-३७ चे तुकडे करतो, आवरणावर लायसिन हे धनभारित अमिनो आम्ल चढवून स्वतःचा ऋणभारही कमी करतो. त्यात पू असेल तर मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए ऋणभारित, पेप्टाइड त्यालाच चिकटून अडकते.

म्हणूनच भरलेल्या गळवावर कुठलेही मलम चोळून भागत नाही. डॉक्टरांकडून चीर देऊन पू काढणे हाच मुख्य उपचार. पण ऊसतोडीच्या फडात पाचटाने कापलेला हात असो की उन्हाळ्यात मानेवर आलेले केसतोड, आधी मेडिकलमधून ट्यूब येते. तीत बहुधा स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचे औषध असा काला असतो. स्टिरॉइडने लाली दबते, दोन दिवस बरे वाटते, जंतू आत पसरतो. पाणीटंचाईत घरभर एकच टॉवेल फिरला, की जंतू सगळ्यांना मिळतो.

वारंवार गळवे येत असतील, ताप असेल किंवा मधुमेह असेल, तर पू कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवायलाच हवा, तोही अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी. वरची खपली बोळ्याने पुसून पाठवली तर त्वचेवरचे निरुपद्रवी जंतूच वाढतात. जागा सलाईनने स्वच्छ करून आतला पू सिरिंजने ओढावा आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. तालुक्याहून नमुना संध्याकाळच्या एसटीने निघाला, की तो वाळतो आणि रिपोर्ट ‘वाढ नाही’ असा येतो.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी पाहाव्यात. जंतू वाढवलेल्या बशीत ठेवलेल्या ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकच्या चकतीभोवतीचे, जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा कमी भरले, तर तो स्टॅफिलोकॉकस ऑरिअस एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन आणि त्याच्या जातीच्या औषधांना न जुमानणारा, समजतात. अशा वेळी क्लॉक्सासिलिन, सेफॅलेक्सिन यांवर पैसे घालवू नयेत. दुसरी गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. एरिथ्रोमायसिनला न जुमानणारा जंतू क्लिंडामायसिनला मरतो असे वरवर दिसते. दोन्ही चकत्या १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर ठेवल्या आणि क्लिंडामायसिनचे वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटे होऊन इंग्रजी ‘डी’सारखे दिसले, तर क्लिंडामायसिनविरुद्धचा प्रतिकार लपलेला आहे आणि क्लिंडामायसिन मध्येच दगा देऊ शकते. रिपोर्टवर या डी-टेस्टचा उल्लेख नसेल, तर डॉक्टरांमार्फत प्रयोगशाळेला विचारावे.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक अध्यापक, लातूर