आवाहन : ट्रंकेतले मोडी कागद मृगाआधी घेऊन या

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली आणि सांगलीत खालच्या मजल्यांवरच्या ट्रंका बुडाल्या. भांडीकुंडी धुऊन घेता आली, कागदांचा लगदा झाला. म्हणून मृग लागेपर्यंत दर रविवारी सकाळी 10 ते 1 वाचनालयात मोडी कागदांचे फोटो काढून देणार आहोत. मूळ कागद त्याच दिवशी परत. भाऊबंदकी उकरली जाईल या धास्तीने पुष्कळ घरांत कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सुटतच नाही. जमिनीचे कागद हवं तर घरी ठेवा, बाकीचे आणा.

खरं तर बाकीच्यांतच जास्त सापडतं. महजर घ्या, म्हणजे गावसभेने दिलेल्या निवाड्याचा कागद. खाली साक्षी असतात, त्यांच्याशेजारी निशाण्या : पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस (लाकूड तासायचं हत्यार), न्हाव्याचा आरसा. निवाड्याला कोणाकोणाला बसवलं होतं, आपल्या आडनावाचं माणूस त्यात कुठे होतं, हे त्या चार बोटं जागेत कळतं. साल 'इसन्ने सबैन मया व अलफ' असं असेल तर 2, 70, 100 आणि 1000 मिळून शुहूर सन (अरबी आकड्यांत लिहायचं जुनं साल) 1172. त्यात 599 घाला, 1771-72 येतं. हे साल मृगाला बदलतं, म्हणून मृगसाल.

आणताना घड्या जबरदस्तीने उलगडू नका, घडीवरच कागद तुटतो. चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर नकोच : तापलेलं प्लास्टिक कागदात बसतं, पुन्हा निघत नाही. काजळाची शाई उन्हाने उडत नाही, पण ती डिंकावर धरलेली असते. ओल्या कागदावर बोट फिरलं की अक्षर गेलं. भिजलेला गठ्ठा सोडवत बसू नका, उन्हातही टाकू नका. टिपकागदावर ठेवून पंखा दुसरीकडे तोंड करून लावा आणि दोन दिवसांच्या आत आमच्याकडे आणा, नंतर बुरशी धरते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याची शाई उतरते.

आम्हाला हवं आहे : खळ काढलेला मांजरपाट 40 मीटर (नव्या कापडाच्या खळीवर कसर येते), टिपकागदाचे 200 ताव, झाकणाची 20 पुठ्ठ्याची खोकी, मऊ केसांचे 6 ब्रश. रोख देणगीची पावती मिळेल, पण वस्तू दिलीत तर आमची बाजारातली फेरी वाचेल.

मोडी वाचणारे चौघे तरी लागतील. मोडी येत नसलं तरी या. प्रत्येक कागदाच्या पाठपोट फोटोला एकच क्रमांक घालायचं काम आहे. तिथे चूक झाली तर पाठ एका घराची आणि पोट दुसऱ्याचं होतं. नावं वाचनालयाच्या काउंटरवरच्या वहीत नोंदवा.