पोचल्याची वही आता ॲपमध्ये उतरवायची आहे : मदतीचे आवाहन

सर्व सभासद, हितचिंतक, माजी विद्यार्थी आणि गेल्या वर्षी "बघतो" म्हणालेले सर्वजण यांस सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. अध्यक्ष म्हणाले, एका पानात बसवा. त्यांना बसवता आलं असतं तर त्यांनीच लिहिलं असतं.

आपल्या मंडळाची पोचल्याची वही ठाऊक नाही असा माणूस कोल्हापुरात राजारामपुरीपासून सागरमाळापर्यंत सापडायचा नाही. तरी नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. आपले वाहककाका एसटीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात संध्याकाळी रंकाळा स्टँडवर जाऊन बसू लागले. घरात करमेना, हे खरं कारण. पण बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं, की विद्यापीठातून सुटलेल्या मुली शेवटच्या गाडीत चढतात, फाट्यावर उतरतात, आणि पुढचा दीड-दोन किलोमीटरचा रस्ता उसातून जातो. गाडीत असेपर्यंत माणसं असतात. फाट्यावर उतरलं की कोणी नाही.

मग त्यांनी लांबोडी हिशेबाची वही घेतली आणि रकाने आखले. नाव, गाव, गाडी, उतरायचा थांबा, घरी पोचायची वेळ. मुलीनं घरात पाऊल टाकलं की काकांना मिस्ड कॉल द्यायचा; काका लाल पेनानं बरोबरची खूण करणार. वेळ उलटून वीस मिनिटं झाली आणि खूण नसली, की आधी मुलीला फोन, मग घरी, मग फाट्यावरच्या दुकानात. पहिल्या पानावर अकरा नावं आहेत. आजच्या पानावर एकशे साठाच्या वर आहेत, आणि त्यात मुलगेही आहेत. (पोरांना कसली भीती, असं एका सभासदांनी वार्षिक सभेत विचारलं होतं. हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात रस्त्यात उभी असते आणि मागून ट्रिपल सीट मोटारसायकल येते. भीती त्याची.)

एक पान सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जुलैतली गोष्ट. गगनबावड्याकडची गाडी रस्त्यावर पाणी आल्यानं कळ्याच्या अलीकडेच थांबली. तीन मुली उतरल्या, फोन लागेनात. आठ वाजले, नऊ वाजले. काकांनी दूध संस्थेच्या सचिवांना फोन लावला. नंबर त्यांच्याकडे होता, कारण त्या माणसाची तिकिटं त्यांनी वीस वर्षं फाडली होती. मुली संस्थेच्या पत्र्याखालीच बसल्या होत्या. संध्याकाळचं दूध नुकतं आटोपलेलं, दिवा चालू, माणसं होती. सचिवांनी घरी नेलं, चहा-भाकरी झाली, मुक्काम झाला. काकांनी दहा चाळीसला तीन खुणा केल्या आणि मगच ते स्टँडवरून उठले. त्या पानावर पावसाचे थेंब पडून लाल शाई पसरली आहे. वही कार्यालयात आहे. येऊन बघा.

आता काकांचं वय चौऱ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. "ओळी हलायला लागल्यात रे," एवढंच ते म्हणाले, पण आम्ही समजायचं ते समजलो. एकशे साठ मिस्ड कॉल एका माणसानं आणि एका साध्या फोनवर किती दिवस घ्यायचे?

संख्या का वाढली, तेही सांगतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांना उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलींची फी शासनानं माफ केली. बारावीपर्यंत मुलींना पास फुकट असतो, पुढे विद्यार्थ्यांना एकतृतीयांश पैशांत महिन्याचा पास मिळतो. म्हणजे फीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला, तिकिटाचाही सुटला. राहिली ती फाट्यापासून घरापर्यंतची वाट. ती कुठल्याच योजनेत बसत नाही.

खरं तर हे शहर या बाबतीत कधी मागे नव्हतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. बाहेरगावच्या पोराची सोय ही कोल्हापूरची जुनी काळजी. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी गरीब पोरांसाठी कमवा आणि शिका सुरू केलं. त्या काळचा विद्यार्थी येऊन राहत होता. आजचा रोज अप-डाऊन करतो. मग त्याची सोय कोणी बघायची?

आता देणगीदारांविषयी. नावं छापायची नाहीत हा मंडळाचा पहिल्यापासूनचा नियम, पण वर्णनावरून तुम्ही ओळखालच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि परजिल्ह्यातली मुलं इथं अडकली, तेव्हा आपल्या मिसळवाल्या भाऊंनी दुकान बंद ठेवून सगळा कट मंडळाच्या चुलीवर आणला. पैसे विचारले तर म्हणाले, "पाव कमी पडंल ते बघा आधी." शाहूपुरीतल्या छापखानेवाल्या तात्यांनी आजवर एकाही पावतीपुस्तकाचं बिल लावलेलं नाही, उलट मागच्या खेपेला आमच्या मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या सात चुका दुरुस्त करून दिल्या. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या आजींनी पेन्शनची पहिली रक्कम न उघडलेल्या पाकिटातून आणून दिली होती, आणि तेव्हापासून दर गुढीपाडव्याला त्यांचं पाकीट येतं. पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेला आपला एक माजी विद्यार्थी (भुदरगडचा, वहीच्या चौथ्या पानावर त्याच्या बहिणीचं नाव आहे) महिन्याच्या पहिल्या तारखेला न चुकता हजार रुपये पाठवतो, आणि ॲपचा मूळ आराखडाही त्यानंच तपासून दिला. रिक्षा स्टँडवरच्या मामांनी काकांना रोज रात्री फुकट घरी सोडलं, पावसाळ्यातसुद्धा. या सगळ्यांचं ऋण फिटणारं नाही.

बाकीच्यांचंही सांगायला हवं. गेल्या वर्षी हेच आवाहन ग्रुपवर टाकलं. "स्तुत्य उपक्रम" असं छप्पन्न जणांनी लिहिलं. हात जोडलेली चित्रं मोजली नाहीत. पैसे नऊ जणांचे आले. एका मोठ्या संस्थेच्या दारात तीनदा बसलो, चौथ्यांदा शिपायानंच सांगितलं, "साहेब, कशाला हेलपाटे घालताय?" त्याच महिन्यात आपल्याच भागात मिरवणुकीच्या साउंडला वर्गणी कमी पडली नाही. उत्सव व्हावा, आम्हीही नाचतो. पण वाईट वाटलं, ते वाटलं.

तरीही पोरं थांबली नाहीत. संगणकशास्त्र अधिविभागातली दोन मुलं आणि दोन मुली गेले सहा महिने रविवारी कार्यालयात येऊन बसतात. त्यांनी आधी कॉम्प्युटर उघडलाच नाही. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला ॲपचे पडदे पेन्सिलीनं काढले आणि काकांसमोर ठेवले. काकांनी बोट ठेवायचं, पोरांनी पुढचं पान सरकवायचं. पहिल्या दिवशी काकांना हिरवं बटण दिसलंच नाही. दुसऱ्या रविवारी बटण अर्ध्या पानाएवढं आणि भगवं झालं. मग बटणावर लिहायचं काय यावर तासभर वाद. "पोहोचलो" लिहिलं तर मुली रागावतात, "पोहोचले" लिहिलं तर मुलगे हसतात. शेवटी काका म्हणाले, गाडीत आपण काय म्हणतो? गाव आलं. मग लिहा, "घर आलं". तेच ठरलं.

दुसरी गोष्ट मुलींनी शिकवली. आमचा विचार होता, की मुलगी कुठं आहे ते घरच्यांना नकाशावर सतत दिसावं. मुली स्पष्ट म्हणाल्या, असलं ॲप आम्ही फोनमध्ये ठेवणार नाही. मैत्रिणीबरोबर दहा मिनिटं चहाला थांबलं तरी घरी उत्तरं द्यावी लागतील, आणि मग शिक्षणच बंद. बरोबर होतं त्यांचं. काकांच्या वहीत तरी कुठं लिहिलेलं असायचं, की कोण कुठं थांबलं? म्हणून ठरलं असं : निघताना थांबा आणि पोचायची वेळ टाकायची, पोचल्यावर "घर आलं" दाबायचं. दाबलं की त्या दिवसाची नोंद पुसली जाते. वेळ टळून वीस मिनिटं झाली तरच फोननं शेवटचं कळवलेलं ठिकाण उघडतं, तेही मुलीनं स्वतः निवडलेल्या तीन माणसांनाच.

तिसरी अडचण फोनची. आपल्या पोरांकडचे आठ-दहा हजारांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारं ॲप परस्पर बंद करून टाकतात. शिवाय राधानगरीच्या पुढे नेटचा भरवसा नाही. म्हणून वेळ मोजायचं काम मुलीच्या फोनवर ठेवायचं नाही, ते सर्व्हरवर ठेवायचं. फोन बंद पडला, पाण्यात पडला, हरवला, तरी खूण झालेली नाही हे सर्व्हरला कळणारच. वही मुलीकडे नव्हती, काकांकडे होती; तसंच. नेट नसलं तर साधा एसएमएस, आणि ज्यांच्याकडे बटणांचाच फोन आहे त्यांना पूर्वीसारखा मिस्ड कॉल, तोही ॲपच्या वहीत आपोआप लागेल.

"११२ आहे की, मग हे कशाला?" असं अनेकांनी विचारलं. ११२ आहेच, आणि ॲपमध्ये एका दाबात तोच लागेल. आपण पोलिसांची जागा घ्यायला निघालेलो नाही. पण ११२ ला फोन मुलीनं करायचा असतो. तिला करता आला नाही तर काय, यासाठी वही आहे.

सगळ्यात कष्टाचं काम मात्र संगणकाचं नाही. प्रत्येक फाट्यावर जाऊन बघायचं आहे, की रात्री दिवा कुठं असतो, कुठलं दुकान कितीपर्यंत उघडं, दूध संस्थेची संध्याकाळची वेळ काय, वडाप (सीटवर चालणारी खाजगी जीप) कुठं मिळतं आणि कधी बंद होतं, मुक्कामी गाडी किती वाजता येते. पावसाळ्याची माहिती वेगळी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ ला धोका हे सगळ्यांना पाठ आहे. पण गावोगावचे कोल्हापुरी बंधारे त्याच्या किती तरी आधी पाण्याखाली जातात आणि बंधाऱ्यावरून घरी जाणारी वाट तुटते. कुठला बंधारा कधी बुडतो हे त्या गावचा माणूसच सांगणार. राधानगरी रस्त्यावरचे अठरा थांबे झाले. गगनबावडा, गारगोटी, पन्हाळा, कागल बाकी आहेत.

एका कंपनीनं या सगळ्याचे जे दर सांगितले ते इथं लिहीत नाही, तुमचं रक्त आटेल. पोरं करतायत म्हणून एवढ्यात होतंय.

खर्च असा : चार विद्यार्थ्यांना सुट्टीतले तीन महिने दरमहा १०,००० प्रमाणे मानधन १,२०,००० (फुकट राबवून घेणार नाही, हा ठराव झालेला आहे), दोन वर्षांचा सर्व्हर आणि एसएमएस ६०,०००, थांब्यांची पाहणी, पेट्रोल, फलक ४५,०००, माहिती सुरक्षित आहे ना याची बाहेरच्या जाणकाराकडून तपासणी ४०,०००, चाचणीसाठी चार जुने फोन ३२,०००, एसएमएसचे साचे मंजूर करून घेणं, गुगल प्ले स्टोअरची २५ डॉलरची एकदाच भरायची फी आणि किरकोळ ८,०००. एकूण ३,०५,०००. हातात ८३,५००. कमी २,२१,५००. तारीख ३१ मे, कारण पाऊस लागला की थांबे फिरता येत नाहीत आणि जूनपासून नवीन मुलं येतात. धनादेश मंडळाच्या नावे. खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे आहे, ग्रुपवर फिरणाऱ्या कुठल्याही क्रमांकावर पैसे टाकू नका. आयकरात ८०जी ची सवलत हवी असेल तर पॅन द्या, आणि २,००० च्या वरची रक्कम रोख देऊ नका, रोखीवर ती मिळत नाही. कार्यालय संध्याकाळी ६ ते ८, सोमवार बंद. मोटारसायकल आणि रविवार देऊ शकणारे दहा जण हवे आहेत, गगनबावडा रस्त्याकडचे असतील तर फारच बरं. ॲप सध्या अँड्रॉइडवरच होईल, आयफोनवाल्यांनी रागावू नये.

हिशेब दर महिन्याच्या पाच तारखेला कार्यालयाच्या दारावर लागेल. मागच्या खेपेला तो आठ दिवस उशिरा लागला होता, ती चूक माझी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
सचिव

ता. क. : घरात पडून असलेला चालू अँड्रॉइड फोन देणार असाल तर तेवढा खर्च वाचेल. कृपया चार्जरसकट द्या. गेल्या वेळी पाच फोन आले, आणि चार्जर एकाचाच होता.